गाडी कुणाच्या नावावर? – कोपरखैरणे ते माथेरान, एका दिवसात

(भाग 31 चं लिखित रूप. अडखळलेलं आणि खोकलेलं काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून ऐकत असाल, घरी भांडी घासताना ऐकत असाल, नाहीतर ऑफिसात हेडफोन लावून "कॉलवर आहे" असं दाखवत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

ऑगस्ट 2025 मध्ये माझ्या फोनवर एकाच दिवशी दोन गोष्टी आल्या.

पहिली म्हणजे एक स्टोरी. आमच्या टीममधला एक मित्र सध्या युरोपात ऑनसाइट आहे. तो गेला होता इटलीतल्या ऑर्व्हिएतोला. रोमहून ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास. खाली स्टेशन, वर उभ्या कड्यावर गाव. स्टेशनासमोरूनच फ्युनिक्युलर सुटते, म्हणजे दोराला बांधलेली चढाची गाडी, ती थेट वर नेऊन सोडते. वर दगडी गल्ल्या, मोठं चर्च, आणि त्याच्या हातात जिलातो. खाली त्यानं लिहिलं होतं : "असं आपल्याकडे का नाही?"

दुसरी म्हणजे एक बातमी. 6 ऑगस्ट 2025. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माथेरानमधल्या माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा.

मित्राला मी लिहिलं, "आहे की. कोपरखैरण्याहून एका दिवसात होतं. ट्रेननंच." बातमी मात्र मी पप्पांना वाचून दाखवली. पप्पांनी सगळी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न शेवटी सांगते, कारण त्याआधी आम्ही जानेवारीत केलेली माथेरानची सहल सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

कोण, कुठून, कशाला

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी कोपरखैरण्यात वाढले. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पप्पा मूळचे जावळी तालुक्यातले, सातारा जिल्हा. वाशीच्या एपीएमसीत माथाडी होते. तीस वर्षांहून जास्त काळ पाठीवर गोणी. आमच्या भागात अशी घरं खूप. अर्ध्या गल्लीचं गाव सातारा-सांगलीकडचं आणि अर्ध्या गल्लीची कंबर दुखते.

पप्पा निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांचा दिवस जात नाही. आईनं मला सांगितलं, "ह्यांना कुठंतरी ने एकदा. घरात नुसते पंख्याकडं बघत बसत्यात." कुठं न्यायचं? लांबचा प्रवास त्यांना नको, हॉटेलात राहणं नको, "पैशाचा चुराडा" नको. म्हटलं, माथेरान. सकाळी जायचं, रात्री घरी जेवायला. मी मंगळवारची सुट्टी टाकली. शनिवार-रविवारी माथेरानला जाऊ नका, हा या भागातला पहिला फुकटचा सल्ला. रविवारी मेगाब्लॉकही असतो, त्यामुळे दुप्पट जाऊ नका.

कोपरखैरणे, ठाणे, नेरळ

सहाच्या आधीची लोकल पकडली. ट्रान्स-हार्बर लाइन. घणसोली, रबाळे, ऐरोली, नवीन झालेलं दिघा गाव, मग ठाणे. वीसेक मिनिटं. एवढ्या सकाळी बसायला मिळतं, हीच अर्धी सहल. ठाण्याला पुलावरून पलीकडे जाऊन कर्जत लोकल. आईच्या पिशवीत चपात्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि चार उकडलेली अंडी. मी म्हटलं, "आई, तिथं खायला मिळतं." आई म्हणाली, "मिळतंय. पण घरचं मिळतंय का?"

कल्याणनंतर गाडीचा सूर बदलतो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बदलापूर सुटलं की इमारती मागे पडतात. वांगणी, शेलू, आणि उजव्या हाताला डोंगराची भिंत सोबत चालायला लागते. तेच माथेरान. ठाण्याहून सुमारे तासाभरात नेरळ. रोज डेटा सेंटर आणि फ्लायओव्हर बघणाऱ्या माणसाला वाटतं की आपण कुठल्या कुठे आलो. खरं तर अजून आपण लोकलच्याच तिकिटावर असतो.

नेरळला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि बाजूलाच छोटी गाडी उभी असते. रुळांमधलं अंतर दोन फूट. पप्पांनी डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यात मानसं बसत्यात व्हय?"

तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, जागा मोजक्या असतात, म्हणून लवकर जायचं. आम्ही रांगेत बऱ्यापैकी पुढे होतो, सेकंड क्लास मिळाला. काचेच्या छताचा विस्टाडोम डबाही असतो, पण त्याचा दर ऐकून पप्पा म्हणाले, "आभाळ बघायला पैसं?"

गाडी कुणी बांधली

आता थोडा इतिहास, कारण या गाडीची गोष्ट भारी आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. पुस्तकांत लिहितात की 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं माथेरान "शोधलं". तो चौक गावाच्या बाजूनं वर चढला. आता डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होतेच, तेव्हा शोधलं म्हणजे साहेबाला सापडलं, एवढंच. मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यानं तिथं बंगला बांधला, रस्ते आखले आणि साहेब लोक उन्हाळ्यात वर यायला लागले. पण येणार कसे? नेरळपर्यंत रेल्वे, पुढे घोडा, पालखी, नाहीतर पाय.

रेल्वे बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. सरकारनं नाही, एका मुंबईकर व्यापारी कुटुंबानं. पैसे वडिलांचे, सर आदमजी पीरभॉय यांचे. काम 1901 च्या सुमारास सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी सुरू झाली. खर्च 16 लाख रुपये, त्या काळातले. मुलाच्या हट्टापायी बापानं 16 लाख घातले, असं मी पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "मी तुझ्या कॉलेजला घातलं त्येवडंच समज." (हसते) खरंय. प्रमाण काढलं तर तेवढंच.

इंजिनिअर म्हणून मला आवडलेली गोष्ट ही : या मार्गाला दात असलेला मधला रूळ नाही. नुसतं चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर गाडी चढते. मग चढ सौम्य ठेवायला हवा. सगळ्यात तीव्र चढ 20 फुटांना एक फूट. म्हणून रूळ डोंगराला वेटोळे घालत जातात. एके ठिकाणी गाडीला उलटं फिरायला लागू नये म्हणून घोड्याच्या नालासारखा बांध घातलाय. सरळ रेषेत नेरळ ते माथेरान काही लांब नाही, पण रूळ 21 किलोमीटरच्या आसपास लागतात. वर जायला दोन तास चाळीस मिनिटं धरा. सरासरी काढली तर ताशी आठ किलोमीटर. धावणारा माणूस गाडीच्या पुढे जाईल!

ऑर्व्हिएतोची फ्युनिक्युलर पहिल्यांदा 1888 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला इंजिनच नव्हतं. दोन डबे, मध्ये दोर. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड झाला की खाली यायचा आणि खालच्याला वर ओढायचा. वजनानं वजन ओढायचं. हे मी पप्पांना गाडीतच समजावलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे ओढायला मानूस नाय लागला." मी म्हटलं, नाही. "मग बरंय," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्टेशनं. मध्ये एक छोटासा बोगदा आहे, त्याचं नाव 'वन किस टनेल', कारण तेवढाच वेळ मिळतो. हे नाव मी पप्पांना सांगितलं नाही. आईला सांगितलं. आईनं मला चापटी मारली.

ही गाडी बऱ्याचदा बंदही पडलीय. 2005 च्या जुलैमधल्या पावसानं रूळ वाहून नेले, ती 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसात पुन्हा नुकसान झालं आणि नेरळहून गाडी निघायला ऑक्टोबर 2022 उजाडला. शंभराहून जास्त वर्षांची म्हातारी आहे, दर पावसाळ्यात गुडघे दुखतात तिचे.

गुडघ्यांवरून आठवलं. येऊ आता मुद्द्यावर.

वर

माथेरानला गाड्या नाहीत. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. 2003 मध्ये केंद्र सरकारनं हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग म्हणून जाहीर केला. तेव्हा वर चालायचं, नाहीतर घोडा, नाहीतर हातरिक्षा. डिसेंबर 2022 पासून प्रायोगिक ई-रिक्षा आल्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांची संख्या 20 वर बांधलेली होती आणि त्या कुणाला द्यायच्या, यावरून वाद कोर्टात चालू होता. घोडेवाल्यांचा तर ई-रिक्षांनाच विरोध.

गाडीतून उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जाणवते ती शांतता. हॉर्न नाही. कोपरखैरण्यात राहणाऱ्या माणसाला हॉर्न नसला की कानात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. पायाखाली लाल माती, वर दाट झाडी, मधूनच घोड्याच्या टापा. आई म्हणाली, "गावाकडं आल्यागत वाटतंय." लाल मातीत आईची पांढरी सॅंडल गुलाबी झाली, ती अजून तशीच आहे.

बाजारात चिक्की आणि चामड्याच्या चपलांची दुकानं. पुढे भाई कोतवालांचं स्मारक. पप्पा तिथं थांबले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1912, माथेरानचेच, नाभिक कुटुंबातले. वकील झाले, नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. 1942 मध्ये भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' काढला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, हिराजी पाटलांसोबत. तेव्हा वय तिशीचं. माझ्याहून एक-दोन वर्षांनी मोठे. पप्पांनी चप्पल काढून हात जोडले. मी फोटो काढला.

मग शार्लोट लेक. बाजारापासून दोनेक किलोमीटर. गावाला पाणी इथूनही. शेजारी पिसारनाथाचं देऊळ. तिथंच बसून जेवलो. माकडानं आईच्या हातातली एक चपाती नेली. आईनं त्याला दिलेल्या शिव्या पॉडकास्टवर सांगता येणार नाहीत.

जेवून पुढे पॉइंटकडे निघालो आणि पप्पा मागे पडायला लागले. मी वळून बघितलं तर ते झाडाला हात टेकून उभे. उजवा गुडघा टम्म सुजलेला. बाजारापर्यंत परत चालणं कठीण दिसत होतं. ई-रिक्षा तिकडे येत नव्हती. घोड्यावर पप्पा बसणं शक्य नव्हतं, पाय वर उचलायचाच प्रश्न होता.

थोड्या वेळानं एक हातरिक्षा आली. रिकामी. दोन माणसं, एक पुढे ओढणारा, एक मागे ढकलणारा. पुढचा असेल पंचेचाळीस-पन्नाशीचा. मी हात केला.

"पप्पा, बसा."

"न्हाई."

"अहो, गुडघा बघा तुमचा."

"मी मानसाच्या जीवावर बसायचा न्हाई. चालतो मी हळूहळू."

"पप्पा, हट्ट करू नका. सगळेच बसतात."

त्यावर पप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बसलीवतीस. बगितलंय मी."

मला क्षणभर कळेना. मग कळलं.

दोन वर्षांपूर्वी आमची ऑफिसची आउटिंग माथेरानला होती. मी हातरिक्षात बसून एक रील केलं होतं. गॉगल, झाडं, मागे गाणं. भारी आलं होतं. मी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं होतं. आत्यानं बदाम पाठवला, मावशीनं "छान गं" लिहिलं. पप्पांच्या दोन निळ्या रेघा दिसल्या होत्या, पण ते काही बोलले नव्हते. मला वाटलं, त्यांना रील वगैरे कळत नाही.

त्या रीलमध्ये सुरुवातीचे दोन-तीन सेकंद कॅमेरा पुढे होता. पुढे ओढणाऱ्या माणसाची पाठ होती. घामानं चिकटलेला शर्ट. मग मी कॅमेरा स्वतःकडे फिरवला.

पप्पांच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, गोण्या वाहून वाहून एक घट्ट गाठ झालीय. लहानपणी पप्पांच्या पाठीवर बसले की मी ती गाठ धरायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांना असते, धरायला. त्या गाठीच्या पैशावर मी शिकले. आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीमागे बसून गॉगल लावला होता. पप्पांनी त्या रीलमध्ये मला बघितलंच नव्हतं. त्यांनी पाठ बघितली होती.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आई मध्ये पडली, "अहो, आत्ता ते काढायची वेळ आहे का?"

आणि मग तो रिक्षा ओढणारा बोलला. तो इतका वेळ उभा राहून ऐकत होता.

"काका, काय काम करायचा तुम्ही?"

"माथाडी. वाशी मार्केट."

"किती किलोची गोणी?"

"आता पन्नासची. पूर्वी शंभरच्या बी असायच्या."

"मग तुमच्या पाठीवरची गोणी बघून एखादा शेठ म्हणाला असता, अरेरे बिचारा, राहू दे, नको उचलू. तुम्ही खूश झाला असता?"

पप्पा गप्प.

"तुम्हाला दया येते ते कळतंय मला. पण माझी सकाळपासून भवानी झालेली नाही. तुम्ही चालत गेलात तर तुमचा गुडघा जाईल आणि माझा दिवस जाईल. कुणाचं काय भलं झालं?"

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग पप्पांनी विचारलं, "दर काय?"

त्यानं सांगितला. आईचं तोंड घासाघीस करायला उघडलं होतं. पप्पांनी तिला हातानं थांबवलं. "त्यो सांगंल त्यो." आणि बसले. म्हणजे टेकले. अर्धे आत, अर्धे बाहेर, एक हात कठड्यावर, जणू असं बसलं की वजन कमी होतं.

ढकलताय की टेकताय?

सपाटीवर पप्पा बसून राहिले. पहिला चढ आला तसे म्हणाले, "थांबव." उतरले. मागच्या दांडीला हात लावून चालायला लागले. मागे ढकलणारा पोरगा हसायला लागला. पुढच्यानं मान वळवून विचारलं, "काका, ढकलताय की टेकताय?"

पप्पा म्हणाले, "दोन्ही."

चढ संपला की बसायचे, आला की उतरायचे. आई मागून बडबडत, मी पिशव्या घेऊन त्यांच्या मागे. आणि त्या वाटेवर पप्पांनी त्या माणसाची जी मुलाखत घेतली तशी मला या पॉडकास्टवर एकदाही जमलेली नाही.

"लायसन कुणाच्या नावावर?"

"माझ्याच. आणि खोकला पण माझ्याच नावावर."

"आजारी पडलास तर?"

"घरी."

"पगारी?"

तो नुसता हसला.

"पीएफ? बोर्ड?"

"कसला बोर्ड, काका?"

मग पप्पांनी त्याला समजावलं. ते मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं, हे कबूल करते. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. पूर्वी त्यांचंही असंच होतं. व्यापारी देईल ती मजुरी, मुकादम कापेल ते कापेल, पाय मोडला तर गावी जा. मग अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद बोर्डात. मालक मजुरी बोर्डात भरतो, वर लेव्ही भरतो, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. एका माणसाचा एकच मालक नसला तरी त्याला नोकरदारासारखे हक्क मिळू शकतात, हे त्या कायद्यानं करून दाखवलं. आज आपण गिग वर्कर म्हणतो ना, डिलिव्हरी करणारी मुलं, त्यांच्यासाठी काय करायचं याची चर्चा होते. त्याचं एक उत्तर आपल्याकडे 1969 पासून आहे आणि ते आमच्या गल्लीत राहतं. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारच्या खोलीत कोडिंग करत बसले होते.

"ओझं तेवढंच हाय रं," पप्पा त्याला म्हणाले. "पन बोर्ड झाला आनि मग आमी घरी ताठ मानेनं जायला लागलो."

तो माणूस म्हणाला, "मान ताठ आहे हो माझी. पैशाचं बघा तेवढं."

बाजारापाशी आल्यावर पप्पांनी पैसे दिले. दोघांनी एकमेकांच्या हाताचे तळवे बघितले. खरंच. दोन म्हातारी मुलं गोट्या दाखवतात तसे हात उलटे-सुलटे केले आणि हसले. मी त्याचा फोटो काढला नाही. नाव विचारलं नाही, तेही बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परत

परतीला आम्ही शटलनं अमन लॉजला आलो. तिथून दस्तुरी नाका जवळच, आणि खाली नेरळपर्यंत शेअर टॅक्सी मिळते. नेरळहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मी पप्पांच्या शेजारी बसले. वांगणीच्या आसपास मी फोन काढला आणि ते रील डिलीट केलं. पप्पांना दाखवलं. "काढून टाकलं, पप्पा."

पप्पा म्हणाले, "काढून काय हुतंय? त्याला पैसं किती दिलंस ते सांग."

मी सांगितलं नाही. कारण मी तेव्हा घासाघीस केली होती. शंभर रुपये कमी करून घेतले होते आणि टीममध्ये फुशारकीनं सांगितलंही होतं.

मी गप्प बसले तसे ते समजले. पुढे बदलापूर आलं, अंबरनाथ आलं, गर्दी चढली. एका म्हाताऱ्या बाईंना मी जागा दिली आणि उभी राहिले. रात्री नऊच्या आत घरी. आईनं भात टाकला.

तो प्रश्न

तर आता बातमीकडे. 6 ऑगस्ट. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचं खंडपीठ. थोडक्यात सांगते. माणसानं माणसाला ओढायचं, ही गोष्ट संविधानातल्या मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करा. पण ओढणाऱ्यांना वाऱ्यावर सोडू नका. गुजरातमध्ये केवडियाला, सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी, स्थानिक आदिवासी महिला ई-रिक्षा चालवतात. त्याच धर्तीवर राज्य सरकारनं ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि ओढणाऱ्यांना भाड्यानं द्याव्यात. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. खरे ओढणारे कोण हे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ठरवायचं. आणि पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच, आतल्या वाटांवर नाही.

मी हे सगळं पप्पांना मोबाइलवरून वाचून दाखवलं. मला वाटलं, ते खूश होतील. "मानसाच्या जीवावर बसायचा न्हाई" म्हणणारा माणूस!

पप्पा म्हणाले, "गाडी कुणाच्या नावावर?"

मी म्हटलं, "सरकारच्या. यांना भाड्यानं."

"आनि यादी कोन करनार?"

"समिती."

"मग यादीवर लक्ष ठेवाय पायजे," पप्पा म्हणाले. "आमच्यात बी बोर्डाच्या यादीत कधी गोनीला हात न लावलेली नावं घुसत्यात. खरा वाहनारा भाईरच ऱ्हातो. त्या गड्याचं नाव यादीत आलं पायजे."

निकाल चांगला आहे, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. पण मी तो वाचला इंजिनिअरसारखा : जुनी सिस्टीम बंद, नवी सुरू, माणूस ओढणार नाही, बॅटरी ओढेल. पप्पांनी तो वाचला माथाडीसारखा. ओझं कोण उचलणार हे बदललं, ठीक. पण त्या ओझ्याचे पैसे कुणाच्या घरी जाणार? त्यांना आणि त्या रिक्षावाल्याला जानेवारीतच कळलं होतं ते मला ऑगस्टमध्ये कळलं. दया येणं सोपं असतं आणि दर कमी करून घेणंही सोपं असतं. एकाच माणसाच्या बाबतीत मी दोन वर्षांत दोन्ही केलं होतं. अवघड काय, तर त्याचं नाव यादीत आहे का, हे विचारत राहणं.

सहा महिने म्हणजे फेब्रुवारी 2026. मी कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाकलाय. तेव्हा पुन्हा जाऊ, पप्पांना घेऊन. तो माणूस ई-रिक्षाच्या हँडलमागे दिसला तर पप्पा चढावर उतरणार नाहीत, एवढं वचन मी आईला दिलंय. पाळतील की नाही माहीत नाही.

जायचं असेल तर

पटापट सांगते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. त्यामुळे पूर्ण मार्गासाठी साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर जा आणि निघण्याआधी वेळापत्रक बघा. आठवड्याच्या मधला वार घ्या. नेरळला लवकर पोचा. रोख पैसे ठेवा, नगरपरिषदेचा प्रवेश कर असतो. पांढरे बूट घालू नका. खाणं माकडांपासून लपवा. प्लॅस्टिक परत घेऊन या. आणि घोडा असो, हमाल असो, रिक्षा असो, दर विचारा, पटला तर हो म्हणा, नाही पटला तर चाला. पण कष्टाच्या पैशात शंभर रुपये पाडून त्याची गोष्ट करू नका. माझी झाली तेवढी पुरे.

तुमच्या घरात कुणी माथाडी, हमाल, रिक्षावाले असतील, तर त्यांना एकदा विचारा, तुमच्या कामाचा हिशोब कसा चालायचा? आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.

चला, पप्पांची संध्याकाळची चहाची वेळ झाली. आवाज ऐकताय ना, कप आपटतायत. भेटू पुढच्या मंगळवारी. काळजी घ्या!